मोत्यातली खिडकी

अक्काचा मोत्यांचा सर माझ्याकडे आला तेव्हा तो एका पांढऱ्या हातरुमालात बांधलेला होता आणि रुमालाला रिठ्याचा वास येत होता.

एरवी हा वास मला आवडतो. लहानपणी दिवाळीच्या आधी घरातलं सोनं, होतं तेवढं, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून घासलं जायचं, आणि त्या फेसाचा आंबूस, किंचित कडवट वास दिवसभर स्वयंपाकघरात राहायचा. पण मोत्यांना तो यायला नको होता. रुमालाची गाठ सोडण्याआधीच काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिची मुलगी मंदा जिंतूरहून सकाळच्या एसटीनं परभणीला आली होती आणि माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती.

"मामा, मी मारले ओ आईचे मोती," ती म्हणाली.

अक्का उन्हाळ्यात गेली. घरात असं काही झालं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकतात, म्हणून मंदाच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच करायचं ठरलं. आजीचा सर घालूनच बोहल्यावर चढणार, असं ऋतुजानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मंदानं आईचं कपाट उघडलं, दागिने काढले, पातेल्यात रिठे उकळले, आणि पाटल्या आणि ठुशीबरोबर मोत्यांचा सरही त्या पाण्यात सोडला. आईचं सगळं लखलखीत करून ठेवावं, एवढंच तिच्या मनात होतं. पाणी निवेपर्यंत ती दुसऱ्या कामाला लागली. सोनं उजळलं. मोती खडूसारखे झाले.

मी रुमाल उघडला. सर हातात घेतला तर त्याचं वजन तेच होतं. मधला रेशमी दोरा फुगून सैल पडला होता. मोत्यांवर कुठेही चरा नव्हता, तडा नव्हता, फक्त त्यांच्यात पाहिलं तर काही दिसत नव्हतं.

आम्ही दोघं सराफ्यात गेलो. दुकानातला मुलगा तरुण होता, चांगला बोलत होता. त्यानं सर बोटांवर फिरवला आणि परत माझ्या हातात दिला.

"सर, ह्याच्यात आता जान न्हाई राहिली. पॉलिश करून उगं दोन दिवस दिसंल. त्यापेक्षा नवा बघा की. लय गोल माल आलाय, एक दाणा इकडचा तिकडं न्हाई."

त्यानं काळ्या मखमलीचा ट्रे काढला आणि वरचा पांढरा दिवा लावला. शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे मोती ओळीनं चमकले. मंदा वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, कुणाला कळायचं बी न्हाई."

"हा ट्रे जरा दारापाशी नेऊ का?" मी त्या मुलाला विचारलं.

"कशाला सर? दिव्याखालीच चांगले दिसतेत."

"म्हणूनच विचारलं."

तो हसला. ट्रे मात्र त्यानं दिला नाही. आम्ही बाहेर पडलो. रिक्षात बसताना मी मंदाला सांगितलं, की लग्नापर्यंत आईचा सर माझ्याकडे राहू दे. तिनं विचारलं, तुमी काय करणार? मी म्हणालो, बघू. तेव्हा मला खरोखरच काही सुचलेलं नव्हतं. दिव्याखाली मोती बघायचे नसतात, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं, आणि ते माझं नव्हतं.

ते वाक्य येलदरीच्या वसाहतीतलं आहे.

वडील धरणावरच्या कार्यालयात होते. पूर्णेच्या काठच्या उतारावर पायऱ्यांसारखी बांधलेली सरकारी घरं होती, वर सिमेंटचे पत्रे, पुढे ओटा. खाली वीजघर. त्याची घरघर कानांपेक्षा तळपायांना जास्त जाणवायची, आणि सुट्टीत मामाच्या गावी गेलो की पहिले काही दिवस जमीन मेल्यासारखी वाटायची. वाऱ्याला पाण्याचा वास असायचा, संध्याकाळी त्यात मासे तळल्याचा वास मिसळायचा. सगळ्या घरांचे ओटे पूर्वेला होते. आमचं घर ओळीच्या टोकाचं, वळणावरचं, म्हणून आमचा ओटा तेवढा उत्तरेला होता. उन्हाळ्यात लोक आमचा हेवा करायचे, हिवाळ्यात आम्ही त्यांचा.

त्या उत्तरेच्या ओट्यामुळे मोतीवाली खाला आमच्याकडे बसायची. दिव्याखाली मोती बघायचे नसतात, थेट उन्हातही नाहीत, असं ती म्हणायची; तिला उत्तरेचा शांत उजेडच लागायचा.

ती हैदराबादची. दिवाळी झाली, लग्नांची बोलणी सुरू झाली, की रेल्वेनं परभणीला यायची, तिथं तिचे नातेवाईक होते, आणि एखाद्या सकाळी जिंतूरच्या गाडीनं येलदरीला. काळा बुरखा काढून नीट घडी करून ती मांडीवर ठेवायची. पान लावायची. मग आईला म्हणायची, "अम्मा, साहब का धोतर लाओ." मोती पसरायला तिला पांढरं, धुतलेलं, मऊ झालेलं सुतीच लागायचं. काळ्या कपड्यावर गारगोटीसुद्धा चमकते म्हणायची. वडील आत वर्तमानपत्राआडून कुरकुरायचे, "माझ्या धोतरावर दुकान मांडती ही बाई." पण आदल्या दिवशी धोतर धुऊन, नीळ न घालता वाळवलेलं असायचं, आणि नीळ घालू नको असं आईला सांगणारेही तेच असायचे.

मलमलीच्या पुरचुंड्या सुटायच्या. लडी धोतरावर पडताना होणारा आवाज मला अजून नेमका सांगता येत नाही. पावसाचा नाही, धान्याचा नाही. कुणीतरी दुसऱ्या खोलीत हळू हसावं तसा काहीसा. बायका गोळा व्हायच्या. शेजारच्या पाटीलकाकू एका हिवाळ्यात त्यांच्या थोरलीसाठी मोती घ्यायला आल्या, तो दिवस मला चांगला आठवतो.

"हीच घेते मी," काकूंनी एक लड उचलली. "लय पांढरी हाय बघा."

"पांढरा तो चूना भी होता, अम्मा," खाला पान चघळत म्हणाली.

"मग कोणती घेऊ? ही पिवळट?"

"पिवळट नईं. मलाई बोलो. तुमारी बेटी गेहूँवर्णी है ना? कलाई के अंदर की बाजू रखके देखो."

"माझी पोरगी सावळी हाय म्हणा की सरळ. गहू कशाला मधी आणता?"

बायका हसल्या. खालाही हसली, पण तिनं काकूंच्या मुलीला पुढे ओढलं, तिचा हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर, शिरा दिसतात तिथं, दोन्ही लडी शेजारी ठेवल्या. पांढरी लड कातडीवर ठेवलेली दिसत होती. दुसरी दिसत नव्हती, नुसता हात चांगला दिसत होता. "गोरी पे मोती सोता," खाला म्हणाली, "सांवली पे हँसता." काकूंची मुलगी लाजून हात सोडवायला लागली, आणि काकू पदरानं डोळे पुसायला लागल्या. सावळ्या मुलीची आई त्या काळात बरंच ऐकून घेत असे.

खालाकडचं आमचं बाकीचं शिक्षण असंच तुकड्यातुकड्यानं झालं. समोरच्या दातांवर मोती हलकेच घासला की खरा मोती बारीक वाळूसारखा खरखरतो, काच नुसतीच घसरते. म्हणून निवडीच्या दिवशी ओट्यावरच्या सगळ्या बायका ओठ मागे ओढून बसलेल्या असायच्या आणि एकमेकींकडे बघून हसू आवरायच्या. गालाला लावला की खरा मोती आधी गार लागतो आणि मग पटकन आपला होतो. भोकाची कड बघायची. वरून लेप दिलेला असेल तर तिथंच त्याचा पापुद्रा सुटतो. ताटलीत सोडायचा, सरळ धावला तर गोल, वाकडा गेला तर कुठंतरी चपटा. पण सरातले सगळे मोती अगदी एकसारखे निघाले तर तिचा चेहरा संशयी व्हायचा. सख्खी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात, अशा अर्थाचं ती काहीतरी बोलायची आणि आम्हा दोघांकडे बघायची. अक्का आणि मी कशातच सारखे नव्हतो.

शेवटची परीक्षा खिडकीची. ओट्याला लागून आमच्या घराची खिडकी होती, उभ्या लोखंडी गजांची, सरकारी हिरव्या रंगाची. घरात जाऊन, खिडकीकडे पाठ करून मोती डोळ्याजवळ धरायचा आणि त्यात खिडकी शोधायची. बाकी कुणाला दिसायचं नाही तेव्हाही अक्काला दिसायचं.

"खिडकी दिखती?"

"दिसती."

"सलाखाँ?"

"दिसतेत."

"गिनो."

अक्का ओठ न हलवता मोजायची. ज्या मोत्यात गज मोजता येतात तो घ्यायचा. ज्यात नुसताच उजेड दिसतो तो फार तर नातेवाईकांच्या लग्नात घालायचा.

याच खालानं आमच्या वसाहतीत एक पद्धत सुरू केली. दुसरीकडे कुठं ती आहे का, मला माहीत नाही. पुस्तकांत मी शोधली, सापडली नाही. एका वर्षी तिच्याकडे एक लड होती, दुकानाच्या पेटीत पडून पडून सुकलेली. ती सहज तिनं अक्काच्या गळ्यात घातली आणि परभणीला जाऊन आठवड्यानं परत आली. लड बदलली होती. खालानं ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली, अक्काच्या मानेला हात लावून पाहिला आणि आईला म्हणाली, "इसके बदन को मोती मानता, अम्मा." मोती ओला असतो, आतून; त्याला माणसाच्या अंगाची ओल लागते, आणि ती कुणाची मानवते, कुणाची नाही.

मग घराघरांतून मोती यायला लागले. लग्न जवळ आलं, की कुणाची तरी आई कुड्या नाही तर सर घेऊन यायची, आणि अक्काला म्हणायची, "घाल ग बाई चार दिवस." अक्का दुसऱ्यांचे मोती घालून झाडायची, पाणी भरायची, भाकरी करायची. लग्नसराईत दोन-दोन, तीन-तीन सर एकदम असायचे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही बघा आमची चैत्रगौर, चुलीपुढं बसून भाकरी थापायलीय." अक्का चिडायची नाही. मान जरा ताठ करून थापत राहायची. तिचा स्वतःचा एकही मोती नव्हता.

मलाही एकदा घालायचा होता. मी हट्ट केला, तेव्हा खालानं एक सर माझ्या गळ्यात टाकला, मानेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "ये नक्को. इसका बदन गरम है. ये मोती पी जाता."

झालं. त्या दिवसापासून मी मोती पिणारा. धोतर पसरलं की अक्का ओरडायची, "आला रे आला, झाका!" आणि बायका खोटं खोटं घाबरून लडींवर हात ठेवायच्या. मी रडलो की ती मला खाली नदीवर न्यायची. काठच्या चिखलात शिंपले सापडायचे, काळे, वाटीएवढे. कुणीतरी सांगितलं होतं, की स्वातीचा पाऊस शिंपल्यात पडला की मोती होतो. आम्ही ते उघडे शिंपले ओट्याच्या कठड्यावर आभाळाकडे तोंड करून मांडायचो. स्वाती बहुतेक वर्षं कोरडीच जायची. एकदा सरी आल्या. सकाळी शिंपल्यात पाणी होतं, आणि पाण्यात एक मुंगी पोहत होती. "हिला मोती पाहिजे असंल," अक्का म्हणाली आणि तिला काडीनं बाहेर काढलं.

अक्काच्या लग्नात खालानं स्वतः ओवलेला सर आणला. तो एका लडीचा नव्हता. दर हिवाळ्याच्या लडींमधून एकेक दाणा ती बाजूला ठेवत आली होती, अक्काला घालायला देऊन उजळवून घेतलेल्या आपल्याच लडींमधून. म्हणून त्यातले मोती एकसारखे नाहीत: कुणी मलईचा, कुणी किंचित गुलाबी, एक जवळजवळ राखाडी. प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ. आणि मागे, मानेवर येतो तिथं, फाशाजवळ, एक वाकडा मोती, हरभऱ्यासारखा, चोच असलेला. आईनं तो बदलायला सांगितला. खाला म्हणाली, "रैने दो. अच्छा-अच्छा सामने, अपना पीछे."

त्यानंतर एका हिवाळ्यात खाला आली नाही. पुढच्याही हिवाळ्यात नाही. आईनं काही वर्षं धोतर नीळ न घालता वाळवलं. मग वडिलांची बदली झाली.

अक्का जिंतूरला राहिली, शेवटपर्यंत. तो सर तिच्या गळ्यात रोज असायचा. सगळी कामं आटोपून, तेल-पावडर झाल्यावर सगळ्यात शेवटी घालायची आणि रात्री निजताना सगळ्यात आधी काढायची, ओलसर कापड घातलेल्या वाटीत ठेवायची. विचार करताना तिचा हात मागे जायचा आणि बोटं वाकडा मोती फिरवायची. माझं लग्न, मंदाचं शिक्षण, माझी बायको गेली तेव्हा पुढं मी एकट्यानं कसं राहायचं, हे सगळे प्रश्न तो मोती फिरवत सुटले किंवा सुटले नाहीत. आणि मी दारात दिसलो की, केस पांढरे झाल्यावरसुद्धा, ती पदर गळ्याभोवती ओढून घ्यायची. "आला बाई मोती पिणारा. मंदे, दार लाव."

आजारपणात दवाखान्यात सर काढून ठेवावा लागला. तो पुन्हा तिच्या गळ्यात गेला नाही.

सराफ्यातून आलो त्या दिवशी मी सर ओलसर कापडावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तसाच. तो तसाच ओल्या कापडावर खडू होऊन पडलेला होता. मग मी पटवेकऱ्याकडे जाऊन दोरा बदलून घेतला, गाठींसकट. वाकडा मोती कुठं येतो ते त्याला दोनदा सांगितलं. घरी आलो. उत्तरेच्या खिडकीशी उभा राहिलो. मोती घालायचे कुणी, हा प्रश्न होता. मंदाचं अंग सदा तापलेलं, गोळ्या चालू. ऋतुजा पुण्याला नोकरीला. घरात मी एकटा, आणि मला तर लहानपणीच नापास केलेलं. मोत्यांत राहिलेलं थोडंफार पाणीही मी पिऊन टाकलं तर? मग ऋतुजाला काळ्या मखमलीवरचा तो सर घ्यावा लागेल, आणि तो कुणाला ओळखूही येणार नाही, हे मंदाचं म्हणणं खरं ठरेल. बराच वेळ मी सर हातात धरून होतो. मग सदऱ्याची वरची बटणं काढली. फासा मागे लावायला वेळ लागला.

मोती आधी गार लागले. मग नाही.

आठवडाभर मी ते कुणालाही सांगितलं नाही. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला जातो, तिथं मफलर गुंडाळतो. लोक म्हणतात, सर, थंडी कुठंय अजून? रक्तदाब तपासायला गेलो तेव्हा मात्र दवाखान्यातल्या मुलीला दिसलं.

"काका, हे काय? ज्योतिषानं सांगितलं का?"

"बहिणीनं," मी म्हणालो.

"मग घाला," ती म्हणाली आणि हाताला पट्टा गुंडाळला.

मंदाला फोनवर सांगितलं.

"मामा, तुमी? आईचा सर? तुमी घालायलाव?"

"हो."

"ओ मामा, तुमी तर मोती पिणारे!"

आणि ती हसायला लागली. अक्का गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलेलं नव्हतं. हसता हसता रडायला लागली, मग परत हसली, आणि शेवटी अगदी आईच्या सुरात म्हणाली, "आंघोळीच्या आधी काढत जावा. अन् ते तुमचं चंदनाचं तेल लावू नका."

मी काढतो. सगळ्यात शेवटी घालतो. वाचताना पुस्तकाचं पान तसंच राहतं आणि माझा हात मागे मानेवर गेलेला असतो, ते मला उशिरा कळतं. वाकड्या मोत्याची चोच बोटाला लागते. पन्नासएक वर्षं त्यावर एकाच माणसाची बोटं फिरली, पण तो झिजलेला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सर उतरवून मंदाकडे द्यायचा आहे. त्याचा मी फारसा विचार करत नाही.

माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. तिला गज आहेत, पांढरे रंगवलेले. आज सकाळी उजेड चांगला होता. सर काढला, मधला मोठा मोती डोळ्याजवळ धरला, खालानं शिकवलं होतं तसा, श्वास रोखून. आधी नुसताच दुधट उजेड दिसला. मोती किंचित फिरवला. उजेडाला कडा आल्या. चौकोन दिसला, बोटाच्या पेरापेक्षा लहान, वरच्या बाजूला जरा वाकलेला.

खिडकी आहे. गज अजून मोजता येत नाहीत.

लग्नाला अवकाश आहे. मी सर परत गळ्यात घातला आणि वरचं बटण लावलं.